आसार महाल ते बोलघुमट : आदिलशाही विजापूरचे दर्शन

रबी-उल-अव्वल महिन्याची बारावी तिथी म्हणजे ईद-ए-मिलाद. प्रेषित मुहम्मद पैगंबरांच्या जन्माचा हा दिवस दक्खनच्या गावोगावी मिरवणुकांनी, प्रवचनांनी आणि अन्नदानाने साजरा होतो. या मंगल प्रसंगी वाचकांस एका नगरीच्या दर्शनाला नेण्याचा आमचा मानस आहे. ती नगरी म्हणजे विजापूर. पैगंबरांच्या पवित्र केसांचा ठेवा श्रद्धेने जपणारा आसार महाल याच नगरीत उभा आहे. आणि ज्या दरबाराच्या दफ्तरांत मराठी भाषा व मोडी लिपी पिढ्यान् पिढ्या नांदली, तो आदिलशाही दरबारही इथलाच.

1956 सालापर्यंत विजापूर जिल्हा मुंबई राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेनंतर तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. 2014 सालच्या नोव्हेंबरपासून शहराचे अधिकृत नाव 'विजयपुरा' असे झाले आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील 'विजयपूर' याच मूळ नावाकडे हे वळणे होय. मराठी माणसाच्या तोंडी मात्र 'विजापूर' हेच नाव रुळलेले असल्याने आम्हीही तेच वापरीत आहोत.

सोलापूरहून दक्षिणेकडे सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. भीमा ओलांडली की काळ्या जमिनीचा सपाट मुलूख लागतो. ज्वारीची शिवारे, मधूनच बाभळीची रांग, क्षितिजापर्यंत डोंगराचा मागमूस नाही. या सपाटीवर गाव दिसण्याच्या पुष्कळ आधी एक प्रचंड घुमट दिसू लागतो. दोनशे वर्षे सत्ता भोगलेल्या राजघराण्याने आपल्यामागे काय ठेवले, हे तो दुरूनच सांगतो.

दोनशे वर्षांची सत्ता

बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, यूसुफ आदिलशहाने विजापुरास आपली स्वतंत्र गादी स्थापिली. गोव्याचे बंदरही त्याच्याच ताब्यात होते. 1510 साली पोर्तुगीजांनी ते कायमचे जिंकून घेतले, तरी पणजीतील मांडवीकाठचा जुना आदिलशाही वाडा आजही त्या नात्याची आठवण देत उभा आहे. यूसुफनंतर आठ सुलतान झाले. 1686 सालच्या सप्टेंबर महिन्यात औरंगजेबापुढे अठरा वर्षांच्या सिकंदर आदिलशहाने शरणागती पत्करली आणि हे राज्य संपले.

या नऊ सुलतानांपैकी काहींचा मराठीशी आलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. फिरिश्ता हा इतिहासकार विजापूरच्याच आश्रयाने आपला ग्रंथ लिहीत होता. तो नोंदवितो की, पहिल्या इब्राहिमाने सरकारी हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा प्रघात पाडला आणि त्या कामी ब्राह्मण कारकून नेमले. पुढे त्याच घराण्यातील दुसऱ्या इब्राहिमाच्या भेटीस मोगलांचा वकील असद बेग 1604 साली आला असता, सुलतान फारसीपेक्षा मराठीच अधिक सहजपणे बोलतो, असे त्यास आढळले. शहाजीराजे भोसले 1636 नंतर याच दरबाराचे सरदार झाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा जो डाव मांडला तो याच सत्तेच्या मुलखात. तेव्हा विजापूर हे आपल्या इतिहासातील केवळ 'शत्रूचे ठाणे' असे समजून पाहणे अपुरे ठरेल. तो आपल्या इतिहासाचाच एक दालनखंड आहे.

आसार महाल

विजापूरच्या आतल्या किल्ल्यास 'अर्किल्ला' म्हणतात. त्याच्या पूर्वेस खंदकापलीकडे आसार महाल आहे. मुहम्मद आदिलशहाने 1646 च्या सुमारास ही इमारत बांधली ती न्यायदानासाठी, म्हणून तिचे मूळ नाव दाद महाल. पुढे पैगंबरांचे पवित्र अवशेष येथे आणून ठेवण्यात आले. 'आसार' म्हणजे अशी पवित्र स्मृतिचिन्हे. त्यावरून इमारतीचे नाव पालटले. जेथे प्रजेने दाद मागावी तेथे आता भाविक दुवा मागू लागले.

महालाची दर्शनी बाजू पूर्वाभिमुख व पूर्ण मोकळी आहे. छताचा भार चार प्रचंड लाकडी खांबांनी तोलला आहे. विजापूरच्या इतर इमारती दगडाच्या वजनाने आपल्यावर दडपण आणतात. येथे मात्र लाकूड, उजेड आणि समोरचे पाणी यांमुळे मन मोकळे होते. समोरच्या चौकोनी हौदात एकेकाळी बेगम तलावाचे पाणी नळांनी येत असे. वरच्या मजल्यावरील दालनांच्या भिंतींवर वेलबुट्टी, फुलदाण्या आणि मानवी आकृती रंगविलेल्या आहेत. पुष्कळ चित्रे काळाने आणि माणसाच्या हाताने पुसट झाली आहेत. परंतु जे उरले आहे त्यावरून दक्खनी चित्रकलेच्या वैभवाची कल्पना येते.

येथे दरवर्षी उरूस भरतो. आतल्या भागात स्त्रियांस प्रवेश नाही, ही प्रथा जुनी आहे. परगावच्या भगिनींनी ती आधीच ध्यानात घेतलेली बरी.

जामा मशीद

शहरातील सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक अर्किल्ल्यात आहे : करीमुद्दीनची मशीद. ती 1320 सालची, म्हणजे आदिलशाहीच्याही पावणेदोनशे वर्षे आधीची. तिचे खांब जुन्या मंदिरांचे आहेत, आणि तेथील लेखात बांधकाम करणाऱ्या रेवोया नावाच्या सुताराचाही उल्लेख आहे. राजांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात एका सुताराचे नाव सातशे वर्षे टिकावे, हे आम्हांस विशेष वाटले.

पण विजापूरची मोठी मशीद म्हणजे जामा मशीद. 1565 साली तालिकोटची लढाई झाली, विजयनगरचा पाडाव झाला आणि पहिल्या अली आदिलशहाच्या हाती अपार संपत्ती आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत या मशिदीच्या कामास आरंभ झाला. तिचे क्षेत्र दहा हजार चौरस मीटरांहून अधिक आहे. दर्शनी बाजूस नऊ कमानी, आत पाच ओळींची खोली. अशा पंचेचाळीस खणांपैकी मधल्या नऊ खणांवर एकच मोठा घुमट चढविला आहे. मीनारांचे काम अपुरेच राहिले. परंतु ही अपूर्णता डोळ्यांस खुपत नाही, कारण जे आहे त्याचे प्रमाण इतके निर्दोष आहे की भर घालावी असे वाटतच नाही. भिंतींवर नक्षीचा पसारा नाही. पांढऱ्या गिलाव्यावरून उजेड कमानीमागून कमानीत सरकत जातो, आणि दुपारच्या उन्हातून आत येणाऱ्यास प्रथम जाणवतो तो गारवा.

या साधेपणाला अपवाद एकच, पश्चिम भिंतीतील मिहराब. मुहम्मद आदिलशहाच्या आज्ञेने 1636 साली तो सोन्याने व रंगांनी सजविण्यात आला. कुराणातील वचने, कोनाड्यांत रंगविलेले ग्रंथ, फुलदाण्या, साखळ्यांनी टांगलेले दिवे असा हा थाट आहे. हे काम करविणाऱ्याचे नाव लेखात आहे : मलिक याकूत दाबुली, अर्थात दाभोळचा. कोकणातले दाभोळ हे तेव्हा आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे तेथून सुटत. म्हणजे विजापूरच्या सर्वांत सुंदर मिहराबावर आपल्या कोकणाचे नाव कोरलेले आहे.

मशिदीच्या जमिनीवर नमाजासाठी सुमारे सव्वादोन हजार चौकटी आखल्या आहेत. औरंगजेबाने येथील मखमली गालिचे नेले आणि त्यांच्या जागी या चौकटी आखविल्या, असे सांगतात. येथे आजही नमाज होतो. पर्यटकांनी हे विसरू नये. पादत्राणे बाहेर काढावीत, नमाजाच्या वेळी बाजूस थांबावे, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

मेहतर महाल आणि इब्राहिम रोजा

जामा मशिदीकडून अर्किल्ल्याकडे येताना वाटेत मेहतर महाल लागतो. नाव महालाचे असले तरी हे वास्तविक एका लहान मशिदीचे प्रवेशद्वार आहे. त्याचा सज्जा तोलणाऱ्या दगडी तिरक्या पट्ट्या पाहाव्यात. पाषाणावर लाकडाची कोरीव कारागिरी उतरविली आहे. पक्षी, प्राणी, वेली, सर्व काही इतके नाजूक की हात लावण्याची भीती वाटावी.

शहराच्या पश्चिमेस, मक्का दरवाजाबाहेर, इब्राहिम रोजा आहे. आमच्या मते विजापुरातील सर्वांत परिपूर्ण वास्तू हीच. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती आहेत. एक कबरीची, दुसरी मशिदीची. मध्ये कारंजाचा हौद. दुसऱ्या इब्राहिमाची राणी ताज सुलताना हिच्यासाठी हे काम आरंभिले होते; पुढे स्वतः सुलतानही 1627 साली येथेच चिरनिद्रा घेऊ लागला. स्थपती होता मलिक संदल.

येथे दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, खिडक्यांच्या दगडी जाळ्या. त्यांतील नक्षी ही नुसती नक्षी नाही, ती अक्षरे आहेत. दगड कोरून अक्षरांच्या मधली जागा मोकळी केलेली असल्याने आतल्या अंधारात उभे राहिले असता वचने उजेडाने लिहिल्यासारखी दिसतात. दुसरी, कबरीच्या दालनाचे छत. बारा मीटर लांबी-रुंदीच्या या चौकोनी खोलीवर दगडी छत जवळजवळ सपाट आहे आणि मध्ये एकही खांब नाही. दगडांना दगडांचाच आधार देऊन आणि उत्तम चुन्याने सांधून ते तोलले आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षे ते तसेच आहे.

येथे निजलेला सुलतान स्वतः कवी व गायक होता. 'किताब-ए-नौरस' हा दक्खनी भाषेतील गीतांचा ग्रंथ त्याने रचला. त्यात सरस्वतीचे आणि गणपतीचे स्तवन आहे. प्रजा त्यास 'जगद्गुरू' म्हणे. 1599 साली त्याने शहराच्या पश्चिमेस तोरवीजवळ नौरसपूर नावाचे नवे नगर वसविण्यास घेतले; गायक, वादक, चित्रकार यांस तेथे स्थान होते. 1624 साली निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर याने ते उद्ध्वस्त केले. आज शेतांमध्ये काही भग्न भिंती तेवढ्या उभ्या आहेत. तोरवीचे नरसिंहाचे मंदिर मात्र भाविकांनी गजबजलेले असते.

सूफींच्या ओव्या

सुलतानांच्या कबरी पाहणाऱ्यांनी सूफी संतांचे दर्गे टाळून पुढे जाऊ नये. शहराच्या पश्चिमेच्या शाहपूर टेकडीवर मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला यांचे विश्रांतिस्थान आहे. या परंपरेतील साधकांनी फारसी बाजूस ठेवून दक्खनी बोलीत लिहिले. जात्यावर दळताना म्हणावयाचे 'चक्कीनामे' आणि सूत काततानाचे 'चरखानामे' त्यांच्या परंपरेतून बायकांच्या ओठी गेले. जात्याचा खुंटा, फिरणारे पाते, पडणारे पीठ, यांतून परमेश्वराचे स्मरण सांगावयाचे, ही रीत आपल्या ओवीशी किती जवळची आहे! भीमेच्या एका तीरावर विठ्ठलाचे नाव घेत आणि दुसऱ्या तीरावर अल्लाचे नाव घेत स्त्रिया एकाच पहाटे, एकाच प्रकारच्या जात्यावर दळत होत्या. दरबारी तवारिखांत ही गोष्ट सापडत नाही. तरी लोकजीवनात ती सर्वांत खोल रुजलेली आहे.

तट, बुरूज आणि मुलूख-ए-मैदान

विजापूरचा बाहेरचा तट सुमारे दहा किलोमीटर घेराचा आहे. पहिल्या अलीच्या काळी, तालिकोटच्या लढाईच्या सुमारास तो पूर्ण झाला. त्यास शंभराच्या आसपास बुरूज. मक्का, शाहपूर, बहमनी, अल्लापूर, फतेह असे मोठे दरवाजे. मैदानी मुलखातील हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही म्हणून सारी भिस्त भिंत, खंदक आणि तोफ यांवर.

त्या तोफांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मुलूख-ए-मैदान. तिची जन्मकथा आपल्या महाराष्ट्राचीच आहे. 1549 साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, निजामशाहीच्या पदरी असलेल्या मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. 1632 साली आदिलशाहीचा मुत्सद्दी मुरार जगदेव याने ती विजापुरास आणविली. वजन सुमारे पंचावन्न टन, लांबी चौदा फुटांहून थोडी जास्त, आणि तोंडाचा व्यास दोन फुटांवर. तोफेचे मुख सिंहाच्या जबड्याचे असून त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. ती ओढण्यास चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. रस्त्यावाचूनच्या त्या काळात परांड्यापासून विजापूरपर्यंतची ती वाटचाल डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे हा आकडा अतिशयोक्तीचा वाटत नाही.

औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर या तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. पण तिचा खरा अपमान नंतर व्हावयाचा होता. 1854 साली इंग्रज सरकारने निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! सुदैवाने एका अधिकाऱ्याने ही बाब वरिष्ठांच्या कानी घातली आणि विक्री रद्द झाली. शेरझा बुरुजावर ती आजही आहे. उन्हाळ्यातही तिच्या धातूस हात लावला तर गार लागतो, असे लोक सांगतात. कान लावून बघणाऱ्यांची तर रीघच असते.

जवळच ऐंशी फूट उंचीचा उपली बुरूज आहे. 1584 साली हैदरखानाने बांधलेला. बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्यांनी वर गेले की सारे शहर एका नजरेत येते. घुमट, मीनार, चिंचेची झाडे, सिमेंटची घरे, मोबाईलचे मनोरे. गावाची चारशे वर्षे एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून उभी दिसतात.

पाण्याची कहाणी

विजापुरात पाहण्याजोगे जे आहे त्यातील निम्मे जमिनीखाली आहे, आणि तेच सर्वांत उपेक्षित आहे. या नगरीस नदी नाही; कृष्णा दूर, भीमाही दूर. पाऊस बेताचा. तरीही येथे राजधानी वसली, बागा फुलल्या, कारंजी उडाली. हे साधले ते पाण्याच्या योजनेमुळे.

तोरवीच्या बाजूने जमिनीखाली बोगदा खणून झिरपणारे पाणी उताराने शहरात आणले होते. ठरावीक अंतरावर हवा व उजेड येण्यासाठी, गाळ काढण्यासाठी उभी विवरे ठेवलेली. इराणातील 'कारेज' पद्धतीचे हे दक्खनी रूप. लोक त्यास सुरंग बावडी म्हणतात. पुढे मुहम्मद आदिलशहाने 1651 साली शहराच्या दक्षिणेस बेगम तलाव बांधला आणि तेथून मातीच्या भाजलेल्या नळांनी पाणी आणले. वाटेत जागोजाग उभे केलेले 'गंज' म्हणजे दगडी जलमनोरे. नळातला दाब त्यांत मोडावा, गाळ तळाशी बसावा, अशी त्यांची योजना. रस्त्याच्या कडेला उभे असलेले हे बुटके मनोरे ये-जा करणाऱ्यांस निरर्थक दगडी खांब वाटतात. वस्तुतः ते एका नगराचे प्राण होते.

बावड्यांमध्ये ताज बावडी अग्रगण्य. 1620 साली ताज सुलतानाच्या नावे मलिक संदलाने ती बांधली. दोन अष्टकोनी मनोऱ्यांमधली पस्तीस फूट रुंदीची कमान, तिच्यातून पायऱ्या उतरत जातात आणि समोर सुमारे सव्वादोनशे फूट लांबी-रुंदीचा जलाशय येतो. बाजूंच्या ओवऱ्यांत वाटसरूंनी विसावा घ्यावा. चांदबिबीच्या नावाची चांद बावडी त्याहूनही जुनी, 1579 सालची.

नळाचे पाणी घरात आले आणि बावड्यांचे महत्त्व संपले. ज्या पाण्यावर राण्यांची नावे होती त्यात सांडपाणी, कचरा आणि निर्माल्य जमू लागले. अलीकडच्या दुष्काळांनी मात्र डोळे उघडले. गेल्या दशकात शहरातील जुन्या बावड्यांचा गाळ उपसण्याचे काम झाले, त्यात ताज बावडीही होती. ही आनंदाची बातमी आहे; परंतु गाळ एकदा काढून भागत नाही. बावडी स्वच्छ राहते ती तिचे पाणी वापरात असेल तर, आणि तिच्या काठी राहणाऱ्यांस ती आपली वाटत असेल तर. सुरंग बावडीच्या विवरांवर घरे उठत गेली, बोगदा कोठे कोठे बुजला, तर तो पुन्हा खणण्याची ऐपत आणि कसब आज कोणापाशी आहे? मशिदी व घुमट यांच्या रक्षणासाठी कायदा आहे, पहारेकरी आहेत. जमिनीखालच्या या वारशाची आच मात्र कोणास लागलेली दिसत नाही. आमच्या मते विजापूरपुढील खरा प्रश्न हाच आहे.

बोलघुमट

शेवटी गोल घुमट. मराठीत त्यास बोलघुमट म्हणतात, आणि ते नाव अधिक समर्पक आहे. मुहम्मद आदिलशहाने स्वतःच्या हयातीतच या कबरीचे काम आरंभिले. 1656 साली त्याच्या मृत्यूबरोबर ते थांबले. आत त्याच्यासह त्याच्या राण्या, कन्या, नातू आणि रंभा नावाची नर्तकी यांच्या प्रतिकबरी आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात.

प्रत्येक बाजूस एक्केचाळीस मीटर लांबीचे चौकोनी दालन आणि त्यावर अडतीस मीटर व्यासाचा अंतर्घुमट. मध्ये एकही खांब नाही. रोमच्या पॅन्थिऑनचा घुमट व्यासाने याहून मोठा आहे. पण एका घुमटाखाली आच्छादलेल्या जमिनीचा हिशेब केला तर विजापूरचे दालन त्याच्या पुढे जाते, सुमारे सतराशे चौरस मीटर. चौकोनावर गोल कसा बसविला, हे समजून घेण्यात मोठा आनंद आहे. प्रत्येक भिंतीलगतच्या कमानी अशा तिरक्या नेल्या आहेत की वर त्या एकमेकींस छेदतात आणि आठ टोकांची चांदणी तयार होते. चौकोन हळूहळू आत कलत वर्तुळाजवळ येतो. घुमटाचे वजन भिंतींस बाहेर लोटू पाहते, तर आत झुकलेल्या या कमानींचा भार त्यांस आत ओढतो. दोन्ही जोर एकमेकांस तोलतात. पोलादाचा तुकडाही न वापरता केलेला हा तोल आहे.

कोपऱ्यांतील सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांतून शंभरावर पायऱ्या चढून गेले की घुमटाच्या आतील सज्जा लागतो. भिंतीशी तोंड नेऊन कोणी कुजबुजले तर पलीकडच्या टोकास ते स्पष्ट ऐकू येते. टाळी वाजविली तर तिचे प्रतिध्वनी एकामागून एक उमटत राहतात. दुर्दैवाने हा चमत्कार ऐकण्यास येणारे बहुतेक जण ओरडतात. सहलीस आलेल्या शाळांची मुले, त्यांचे शिक्षक, कुटुंबे, सगळेच! त्या गदारोळात कुजबुज बुडून जाते, आणि खाली कोणी चिरनिद्रा घेत आहे याचेही भान राहत नाही. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांनी तर मर्यादाच सोडली आहे. आम्ही सकाळी दरवाजा उघडताच गेलो म्हणून शांतता मिळाली. एका बाजूस उभे राहून हलकेच उच्चारलेले 'सलाम' पलीकडे पोहोचले आणि तिकडून तितक्याच हळुवारपणे उत्तर आले. या घुमटाची थोरवी त्या क्षणी आम्हांस कळली. तो मोठ्या आवाजासाठी बांधलेलाच नाही.

मुहम्मदाचा पुत्र दुसरा अली याने वडिलांच्या तोडीची कबर उभारावयास घेतली. ती अपुरीच राहिली. बारा कमान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उघड्या कमानी आज आकाशालाच छत मानून उभ्या आहेत. आणि अखेरचा सिकंदर? 1700 साली कैदेतच मरण पावलेल्या या सुलतानाची कबर उघड्यावर आहे. ना घुमट, ना मीनार. बोलघुमट पाहून झाल्यावर तेथेही घटकाभर उभे राहावे. सत्तेविषयी जे काही शिकावयाचे ते दोन्ही जागा मिळून शिकवितात.

रक्षणाचा प्रश्न

1885 साली कलादगीहून जिल्ह्याचे ठाणे विजापुरास आले तेव्हा इंग्रजांनी जुन्या महालांतच कचेऱ्या थाटल्या. एका मशिदीत तर प्रवाशांसाठी डाकबंगला होता. लॉर्ड कर्झन याने तो हलविण्यास भाग पाडले आणि 1904 साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला. आज ही स्मारके पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत. 2014 साली दक्खनच्या सुलतानशाह्यांची स्मारके जागतिक वारशाच्या भारताच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली, त्यांत गुलबर्गा, बीदर व हैदराबादबरोबर विजापूरही आहे. यादीत नाव येणे ही पहिली पायरी. गाव आणि स्मारके यांनी एकमेकांना सांभाळून जगावयाचे, ही पुढची व अवघड पायरी. तटाला लागून घरे आहेत, घुमटांच्या सावलीत बाजार भरतात. या माणसांस हुसकावून स्मारक वाचणार नाही. त्यांना त्याचा अभिमान वाटेल तेव्हाच ते वाचेल.

प्रवाशांसाठी

विजापूर नीट पाहण्यास दोन दिवस हवेत. पहिल्या दिवशी पहाटे बोलघुमट व त्याच्या नगारखान्यातील संग्रहालय, मग जामा मशीद, मेहतर महाल, आसार महाल आणि अर्किल्ल्यातील गगन महाल. 1561 सालच्या या महालाची मधली कमान साठ फूट रुंद आहे. दुसऱ्या दिवशी बारा कमान, उपली बुरूज, मुलूख-ए-मैदान, ताज बावडी, शाहपूर टेकडी आणि उन्हे कलताना इब्राहिम रोजा. त्या वेळी जाळ्यांतील अक्षरे उजळून निघतात. टांगे अजून दिसतात, रिक्षा सर्वत्र आहेत. पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गेल्यास सिद्धेश्वराची मोठी जत्राही पाहावयास मिळेल, आणि एकच नगरी उरूस व जत्रा दोन्ही कशी साजरी करते ते कळेल.

प्रेषितांच्या जन्मदिनी दया, न्याय आणि शेजारधर्म यांचे स्मरण करावयाचे असते. तहानलेल्यास पाणी पाजणे हे इस्लाममध्ये श्रेष्ठ दान मानले गेले आहे. ज्यांनी या कोरड्या मुलखात जमिनीखालून पाणी आणून रस्त्यारस्त्यांवर ते मोकळे केले, त्यांनी हे दान पिढ्यान् पिढ्यांसाठी देऊन ठेवले. त्याची आठवण राखणे आणि त्याचा एखादा झरा तरी वाहता ठेवणे, हे आजच्या दिवसाचे खरे व्रत ठरावे. सर्व वाचकांस ईद-ए-मिलाद मुबारक.